चेक न वटल्याच्या खटल्यात तडजोड: बोलणीपासून पुरशीशीपर्यंत

चेकच्या खटल्यात तडजोड करणे अवघड नाही. अवघड असते ती अशी लिहिणे, की पैसे खरोखर खात्यात येतील आणि खटला खरोखर संपेल. देवगडचा बागायतदार असो, हर्णैचा नौकामालक असो की कुडाळचा खत-औषधांचा दुकानदार, माणसे फसतात ती बहुधा याच जागी. 'आपलाच माणूस आहे, देईल हो' म्हणून सही होते, केस निकाली निघते आणि उरलेली निम्मी रक्कम राहूनच जाते. दुसऱ्या बाजूचेही हाल होतात. आरोपी रोख पैसे देऊन मोकळा होतो, पुढच्या तारखेला जात नाही, झालेली तडजोड कोर्टाला कोणी सांगत नाही, आणि एक दिवस वॉरंट घेऊन पोलीस दारात उभे राहतात. म्हणून हा लेख फिर्यादी आणि आरोपी दोघांसाठी लिहिला आहे. पुरशीस म्हणजे तडजोड झाल्याचे कोर्टाला कळवणारा, सह्या केलेला लेखी कागद.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१ च्या कलम १३८ खाली चेक न वटणे हा गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे. त्याच कायद्याचे कलम १४७ सांगते की या कायद्याखालचा प्रत्येक गुन्हा तडजोडीने मिटू शकतो. खटला पहिल्या तारखेला असो वा शिक्षेनंतर अपिलात असो, दार उघडे असते. फरक पडतो तो खर्चाचा.

खटला नेमका कुठे आहे ते आधी पाहा

खटला अजून दाखलच झाला नसेल, तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस देणेकऱ्याला मिळतात, आणि ते संपल्यावर एक महिन्यात फिर्याद दाखल करावी लागते. बोलणी चालू आहेत म्हणून यातला एकही दिवस थांबत नाही. 'पुढच्या आठवड्यात देतो' असे ऐकत मुदत घालवलेले फिर्यादी कोर्टाच्या आवारात नेहमी दिसतात. फिर्यादीला उशीर झाला तर पुरेसे कारण दाखवून माफी मागता येते, नोटिशीच्या मुदतीला मात्र तशी सवलत नाही. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा भरून, पुन्हा परत आल्यावर नव्याने नोटीस देता येते. तेव्हा बोलणी जरूर करा, पण नोटीस पाठवूनच करा. नोटीस दिली म्हणून संबंध तुटत नाहीत, बोलणीला तारीख मिळते एवढेच.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट सांभाळायची. चेक बँकेत भरण्याआधी देणेकऱ्याने थोडे पैसे दिले असतील, तर ती नोंद चेकवर करून उरलेल्या रकमेपुरताच तो वटवायला हवा. तसे न करता पूर्ण रकमेचा चेक भरला आणि तो परत आला, तर कलम १३८ चा खटला टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे.

खटला दाखल झाला असेल तर तो कोणत्या पायरीवर आहे यावर आरोपीचा जादा खर्च ठरतो. वकील मंडळी ज्याला 'दामोदर प्रभूचा खर्च' म्हणतात तो २०१० च्या निकालातला आहे. तडजोड जितकी उशिरा, तितके जास्त टक्के विधी सेवा प्राधिकरणाकडे भरायचे. तेव्हाचे दर १०, १५ आणि २० टक्के होते. २५ सप्टेंबर २०२५ ला गोव्यातून वर गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते बदलले. आरोपीचा बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी चेकची रक्कम दिली तर जादा खर्च नाही. त्यानंतर पण निकालाआधी दिली तर ५ टक्के. सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात ७.५ टक्के. सर्वोच्च न्यायालयात १० टक्के. म्हणजे ४,८०,००० रुपयांच्या चेकवर बचावाच्या पुराव्यानंतर २४,००० आणि सत्र न्यायालयात ३६,००० रुपये जादा. हे पैसे फिर्यादीला मिळत नाहीत, हे दोघांनीही लक्षात घ्यावे. जुन्या दरांवर कोणी हिशेब मांडत असेल तर त्याला हा निकाल दाखवा.

आकडा ठरवताना

बोलणी सुरू होते ती चेकच्या रकमेवरून, पण अडते व्यवहाराच्या हिशेबावर. आंब्याच्या व्यवहारात हे फार दिसते. पेट्या गेल्या, पट्टी (विक्रीची हिशेबचिठ्ठी) आली, पट्टीत दलाली, हमाली, भाडे वजा झाले, डागी माल म्हणून आणखी कपात झाली, आणि मग उरलेल्या रकमेचा चेक. व्यापारी म्हणतो कपात धरा, बागायतदार म्हणतो चेक तुम्हीच सही करून दिलाय. अशा वेळी पट्ट्या, वजनाच्या पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश आणि बँकेचे पासबुक एका टेबलावर ठेवून एकदाच हिशेब करा. कायदा चेकधारकाच्या बाजूने गृहीतक धरतो. चेक कायदेशीर देण्यापोटीच दिला असे कोर्ट मानून चालते आणि उलटे सिद्ध करायचे ओझे आरोपीवर असते. 'सिक्युरिटीचा चेक होता' एवढे म्हणून सुटका होत नाही. आरोपीने हे ओळखून बोलावे. फिर्यादीनेही ओळखावे की निकाल आणि मग अपील, यात जी वर्षे जातात त्यांची किंमत व्याजाच्या हट्टापेक्षा बऱ्याचदा मोठी असते. चेकची रक्कम आणि वकील-नोटिशीचा वाजवी खर्च, इथे बहुतेक प्रकरणे मिटू शकतात, आणि माझ्या मते तिथेच मिटवावीत.

आकड्यात तीन गोष्टी विसरू नका. कलम १४३-अ खाली कोर्टाने अंतरिम भरपाई दिली असेल (ती चेकच्या २० टक्क्यांपर्यंत असू शकते) तर ती एकूण रकमेतून वजा करा. अपिलात आरोपीने भरलेली किमान २० टक्के रक्कम कोर्टात पडून असेल, तर ती कोणी उचलायची ते लिहा. आणि त्याच माणसांत दुसरे खटले असतील, म्हणजे बाकीचे चेक, वसुलीचा दिवाणी दावा, फसवणुकीची पोलीस तक्रार, तर प्रत्येकाचा क्रमांक लिहून त्याचे काय होणार ते ठरवा. चेकचा खटला मिटला म्हणून फसवणुकीचा गुन्हा आपोआप मिटत नाही. त्यासाठी त्या कोर्टाची वेगळी परवानगी लागते.

बोलणी कुठे आणि कोणी करायची

गावकीत, वाडीच्या सभेत, सरपंचासमोर बसून आकडा ठरला तर उत्तमच. कोकणात असे मिटणारे बरेच असते. पण तिथला कागद कोर्टात आल्याशिवाय खटला संपत नाही. ज्यांना तटस्थ माणूस हवा, त्यांनी कोर्टाला प्रकरण मध्यस्थीकडे पाठवण्याची विनंती करावी, किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज देऊन ते राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवून घ्यावे. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस इथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे आहेत. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर पात्र माणसांना तिथे वकीलही मोफत मिळतो; १५१०० ही त्यांची मदतवाहिनी.

सही कोण करणार हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण घोळ तिथेच होतो. फिर्यादी चाकरमानी असेल, मुंबईत राहत असेल आणि गावाकडे भाऊ कुलमुखत्यार म्हणून केस बघत असेल, तर मुखत्यारपत्रात 'तडजोड करण्याचा व रक्कम स्वीकारण्याचा अधिकार' असे स्पष्ट लिहिलेले हवे. पतसंस्था किंवा मच्छीमार सोसायटी फिर्यादी असेल तर संचालक मंडळाचा ठराव हवा. आरोपी भागीदारी संस्था असेल तर संस्था आणि प्रत्येक भागीदार-आरोपी, सगळ्यांविरुद्धचा खटला मिटला असे लिहा. एकाचेच नाव लिहिले तर दुसरा अडकून राहतो. आणि चाकरमान्यांच्या बाबतीत आणखी एक: खात्यात भरलेल्या चेकचा खटला चेक घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालतो. व्यवहार राजापुरात झाला तरी खाते दादरला असेल तर पुरशीस मुंबईच्या कोर्टातच द्यावी लागेल.

हप्ते हंगामाला बांधा

एकरकमी पैसे मिळत असतील तर थोडी सूट देऊनही घ्यावेत. नसतील तर हप्ते देणाऱ्याच्या मिळकतीच्या महिन्यांत पाडा. ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण बारा समान मासिक हप्ते कागदावर छान दिसतात आणि कोकणात तिसऱ्या महिन्याला मोडतात. ट्रॉलरमालकाकडून जून-जुलैचा हप्ता मागू नका. मासेमारी बंद असते आणि त्याच दिवसांत जाळी, रंगरंगोटी, इंजिनाचा खर्च असतो. त्याचा पहिला हप्ता हंगाम सुरू झाल्यावर ठेवा. आंब्याच्या व्यापाऱ्याकडे पैसा खेळतो तो एप्रिल ते जून. काजू कारखानदार फेब्रुवारी ते मे बी खरेदीत अडकलेला असतो, माल विकून पैसे हाती येतात ते गणपती-दिवाळीच्या सुमाराला. चिऱ्याची खाण पावसाळ्यात बंद. पर्यटकांसाठी खोल्या चालवणाऱ्याला डिसेंबर आणि मे सोपे. हप्ते कमी आणि मोठे ठेवा, आणि सहीच्या दिवशीच किमान चौथा हिस्सा खात्यात जमा झालेला असू द्या. तेवढेही आज देता येत नसेल, तर त्या तडजोडीवर विश्वास ठेवण्याआधी फिर्यादीने थांबावे.

दोन रस्ते, आणि कोणता कधी

हप्त्यांची तडजोड कोर्टात दोन प्रकारे मांडता येते.

पहिला: अटी लिहून कोर्टात द्यायच्या, खटला पूर्ततेसाठी ठेवायची विनंती करायची, आणि शेवटचा हप्ता आल्यावर तडजोडीची पुरशीस देऊन खटला संपवायचा. फिर्यादीच्या हातात तोवर खटल्याचा धाक राहतो. पण प्रत्येक तारखेला जावे लागते, आणि कोर्ट खटला केवळ हप्त्यांसाठी लांब ठेवायला राजी असेलच असे नाही. दोन-तीन हप्ते आणि चार महिन्यांच्या आतली मुदत असेल तर हा रस्ता ठीक.

दुसरा: लोकअदालतीत निवाडा घ्यायचा. फौजदारी खटला त्या दिवशीच संपतो. पण चेकच्या खटल्यातला लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवले आहे. हप्ता बुडाला तर नवा दावा लावावा लागत नाही, थेट दरखास्त (निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून बँक खाते, वाहन, जमीन यांवर जप्ती आणता येते. निवाड्यावर अपीलही नाही. लांबच्या हप्त्यांसाठी आणि ज्याच्या नावावर जप्त करण्याजोगे काही आहे अशा देणेकऱ्यासाठी मी हाच रस्ता धरीन. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याच्याबाबत निवाडा कागदच राहण्याचा धोका आहे. तिथे पहिला रस्ता, किंवा चांगल्या हमीदाराची सही.

हप्त्यांपोटी नवे चेक घ्यावेत का? घेता येतात, आणि ते परत आले तर त्यांच्यावर नवा खटला होतो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या जिम्पेक्स निकालाने एक मर्यादा घातली आहे: तडजोडीचे चेक परत गेले म्हणून जुना खटला आणि नवा खटला दोन्ही एकाच देण्यासाठी चालवता येत नाहीत. दोन दगडांवर पाय ठेवता येत नाही. म्हणून जुना खटला चालू ठेवायचा पहिला रस्ता धरला असेल तर हप्ते थेट बँकेने घ्या, नवे चेक नकोत. निवाड्याचा रस्ता धरला असेल तर पुढच्या तारखांचे चेक सोबत घेणे उपयोगी, आणि त्यांचे क्रमांक निवाड्यात लिहून घ्या.

लोकअदालतीत गेलो म्हणजे आरोपीचा तो टक्क्यांचा खर्च आपोआप माफ होतो, हा समज चुकीचा आहे. कोर्ट कारण नोंदवून तो कमी करू शकते. त्यासाठी तशी विनंती करावी लागते.

पुरशिशीत काय लिहायचे

मोघम पुरशीस हे भांडणाचे बियाणे. 'आमच्यात आपसात तडजोड झाली असून आमची काही तक्रार नाही' ही एक ओळ पैसे पूर्ण मिळालेले असतील तेव्हाच चालते. हप्त्यांसाठी मजकूर असा असावा:

'आरोपीने फिर्यादीस एकूण रु. ५,१०,०००/- द्यावयाचे असून त्यापैकी रु. १,५०,०००/- आज रोजी एनईएफटीने फिर्यादीच्या खाली नमूद खात्यात जमा केले आहेत, त्याचा यूटीआर क्रमांक खाली दिला आहे. उर्वरित रु. ३,६०,०००/- आरोपीने १० एप्रिल, १० मे व १० जून रोजी प्रत्येकी रु. १,२०,०००/- प्रमाणे त्याच खात्यात जमा करावयाचे आहेत. कोणताही हप्ता ठरल्या तारखेपासून १५ दिवसांत जमा न झाल्यास उर्वरित संपूर्ण रक्कम एकदम देय होईल व त्यावर द.सा.द.शे. ९ टक्के व्याज लागू होईल. सदर तडजोड उभयतांनी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय केली आहे.'

यात खटला क्रमांक, चेकचा क्रमांक, बँक, तारीख आणि रक्कम वर लिहा. यूटीआर म्हणजे बँक देते तो व्यवहाराचा क्रमांक. व्याजाचा दर तुम्ही ठरवाल तो. पण दर, वर्ष आणि खाते क्रमांक मोकळे सोडू नका. 'हंगाम झाल्यावर', 'पैसे आल्यावर' असले शब्द टाळा, तारीखच लिहा.

पैसे शक्यतो बँकेनेच द्या. एका माणसाकडून एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणे प्राप्तिकर कायद्याला चालत नाही, आणि उसने पैसे फेडताना ही मर्यादा २०,००० वरच येते. रोख द्यावेच लागले तर पावती घ्या, आणि ती रक्कम कशापोटी आहे ते पावतीवर लिहून घ्या. 'आंब्यापोटी' आणि 'केस नं. अमुकमधील तडजोडीपोटी' यात कोर्टात फार अंतर पडते.

सहीच्या दिवशी

दोघांनी स्वतः यावे, आधार कार्ड आणि बँकेचा पुरावा आणावा. न्यायाधीश फिर्यादीला विचारतात: सही तुमचीच का, मजकूर वाचला का, पैसे मिळाले का, कोणी जबरदस्ती केली का. उत्तर खरे द्या. पैसे आले नसतील तर 'आले' म्हणू नका, वकिलाने खूण केली तरी. रक्कम खात्यात दिसल्याचा संदेश मोबाईलवर आल्याशिवाय 'पूर्ण मिळाले' या ओळीखाली सही करायची नाही. तडजोड मान्य झाली की आरोपीची निर्दोष मुक्तता होते.

फिर्यादी तयारच नसेल तर

तडजोडीला फिर्यादीची संमती लागते. ती नसताना कोर्ट खटला तडजोडीने मिटवू शकत नाही. आरोपीकडे तरीही मार्ग आहे. चेकची पूर्ण रक्कम देण्याची तयारी लेखी अर्जाने कोर्टासमोर ठेवा आणि ती जमा करण्याची परवानगी मागा. फिर्यादी चेकपेक्षा जास्त मागत अडून बसला असेल, तर गुन्हा कबूल करण्याचा पर्याय आरोपीपुढे ठेवता येतो आणि चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याच्या कायद्याचा लाभही देता येतो, असे २०२५ च्या त्याच निकालात म्हटले आहे. गुन्हा कबूल करणे म्हणजे दोषी ठरणे. सरकारी नोकरी, परवाने, पासपोर्ट यांवर त्याचा काय परिणाम होईल ते वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय त्या अर्जावर सही करू नका.

शिक्षा झालेली असेल तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करा आणि तिथे तडजोडीची पुरशीस द्या. उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले असेल, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे. मुंबईची वारी वाचते. रायगडकरांना मात्र मुंबईच.

खटला संपल्यावर

निकालाची किंवा निवाड्याची प्रमाणित प्रत दोघांनीही त्याच आठवड्यात अर्ज करून घ्या. आधी वॉरंट निघाले असेल तर ते रद्द झाल्याचा हुकूम स्वतः पोलीस ठाण्यात नेऊन द्या आणि पोच घ्या. हमीदाराची हमी संपली हे त्यालाही कळवा. त्याचा सातबारा कोर्टात लागलेला असतो.

शेवटी कागद परत घ्यायचे. कोरे सही केलेले चेक, वचनचिठ्ठी, बॉन्ड, गहाण ठेवलेले मूळ दस्त, जे काही फिर्यादीकडे असेल त्याची यादी करा, कोऱ्या चेकचे क्रमांक लिहा, दोघांच्या सह्या घ्या. चेक हरवला असे फिर्यादी म्हणाला तर तो पुन्हा वापरणार नाही असे त्याच्याकडून लिहून घ्या, आणि त्या क्रमांकाचा चेक थांबवायला त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा.